हेडन लेकचं चर्च : बायबल तेच, वारसदार बदललेले

१ जुलै १९९८. अमेरिकेच्या आयडाहो राज्याचं उत्तर टोक, हेडन लेक हे तळ्याकाठचं छोटं गाव. एक आई आणि तिचा तरुण मुलगा जुन्या गाडीतून चालले होते. वाटेत एका फाटकाजवळ काहीतरी फट्‌कन वाजलं. गाडीचा बॅकफायर असेल, नाहीतर कुणी फटाका उडवला असेल. फाटकाच्या आतल्या पहारेकऱ्यांना मात्र तो गोळीबार वाटला. ते ट्रकमधून मागे लागले, रायफलच्या गोळ्या झाडल्या, टायर फुटला आणि गाडी रस्त्याकडेच्या चरात गेली. मग दोघांना मारहाण आणि जिवे मारायच्या धमक्या. रस्त्यावर दुसरी गाडी येताना दिसली तेव्हा कुठे पहारेकरी निघून गेले.

फाटकाच्या आत वीस एकरांचा तळ होता. पहाऱ्याचा मनोरा, बराकी, छापखाना, ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशी पाटी, आणि या सगळ्यांच्या मधोमध एक प्रार्थनागृह. आत क्रुसासारखी उभी तलवार कोरलेलं बोधचिन्ह आणि हिटलरची तसबीर. संघटनेचं नाव आर्यन नेशन्स. पण तळावरच्या मंडळींच्या लेखी ती संघटना म्हणजे त्यांच्या चर्चचा राजकीय हात होता. मूळ चर्चचं नाव ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ख्रिश्चन’. शेवटचा ‘ख्रिश्चन’ हा शब्द उगाच चिकटवल्यासारखा वाटतो, पण तो मुद्दाम घातलेला आहे. त्यांना म्हणायचं होतं की आमचा येशू यहूदी नाही. एवढ्या पाटीवरून त्यांच्या अख्ख्या धर्मशास्त्राचा अंदाज येतो.

मारहाण करणारे पहारेकरी कुठल्याही टोळीत सापडतील असे होते. त्यांच्यापेक्षा विचार करायला लावतो तो त्यांचा म्हातारा पाळक, रिचर्ड बटलर. बायबल हातात घेऊन, उताऱ्यांचे आकडे सांगत, तो दर रविवारी तासन्‌तास बोलायचा. त्याला ‘वेडा’ म्हणून मोकळं होता येतं. तसं केलं तर त्याचं ऐकणाऱ्यांना ते पटत का होतं, हे कळायचं राहून जातं.

बंगलोर ते आयडाहो

बटलर १९१८ चा. प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) घरात वाढलेला, पेशाने विमान-अभियंता. पुढे लॉकहीड कंपनीत नोकरी केलेला. गरिबीने पिचलेला, अर्धशिक्षित माथेफिरू अशी वंशद्वेष्ट्याची जी प्रतिमा आपल्या डोक्यात असते तिच्यात हा माणूस बसत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानदुरुस्तीच्या कामासाठी तो बंगलोरला होता. तिथे त्याने आपली जातिव्यवस्था पाहिली आणि तो भारावून गेला. वंश शुद्ध ठेवायचा, तर तो असा, हे त्याच्या मनाने घेतलं. इथे आपल्याला ठेच लागायला हवी. हिटलरचा फोटो लावणाऱ्या या पाळकाला कित्ता भारतातही सापडला होता.

युद्धानंतर कॅलिफोर्नियात त्याची गाठ वेस्ली स्विफ्टशी पडली. स्विफ्ट मेथडिस्ट पाळकाचा मुलगा, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशद्वेष्ट्यांच्या संघटनेत वावरलेला, वाणी फार तेज. १९४० च्या दशकात लँकेस्टर इथे त्याने हे चर्च काढलं. त्याच्या प्रवचनांच्या ध्वनिफिती टपालाने देशभर जायच्या. १९७० मध्ये स्विफ्ट वारला आणि बटलरने गादीवर हक्क सांगितला. मग काही वर्षांत त्याने बिऱ्हाड उत्तर आयडाहोत हलवलं. जागा निवडण्यामागे हिशोब होता. तिथली वस्ती जवळपास सगळी गोरी, जमीन स्वस्त, शेजारी दूर. वॉशिंग्टन, ऑरेगन, आयडाहो, मोंटाना आणि वायोमिंग ही पाच राज्यं मिळून गोऱ्यांचं स्वतंत्र राष्ट्र करायचं, हे त्याचं स्वप्न.

वंशावळीची चोरी

या पंथाला ‘ख्रिश्चन आयडेंटिटी’ म्हणतात. त्याचं एक मुख्यालय नाही, पोप नाही, सर्वमान्य श्रद्धापत्रही नाही. पण मांडणी बहुतेक ठिकाणी सारखी आढळते. ती नीट उलगडून पाहावी लागते, कारण तिची एकेक वीट सुटी पाहिली तर तितकीशी विचित्र वाटत नाही.

पहिली वीट इंग्लंडातली. इसवीसनापूर्वी आठव्या शतकात अश्शूरच्या राजाने इस्राएलचं उत्तरेकडचं राज्य बुडवलं आणि तिथल्या दहा वंशांच्या लोकांना हद्दपार केलं. ते पुढे कुठे गेले, याबद्दल बायबल गप्प आहे. ही मोकळी जागा हौशी अभ्यासकांना कायम खुणावत आली. १८४० मध्ये जॉन विल्सन या गृहस्थाने पुस्तक लिहून जाहीर केलं की ते हरवलेले वंश म्हणजे आपण ब्रिटिश आणि आपले युरोपीय भाऊबंद. साम्राज्य ऐन भरात होतं, त्यामुळे देवाने अब्राहामाला दिलेली वचनं आपल्याच पदरात पडली आहेत असं मानणं सोयीचंही होतं. सुरुवातीला या ब्रिटिश-इस्राएलवाद्यांना यहूद्यांचं वावडं नव्हतं. यहूदी म्हणजे यहूदाचा वंश, म्हणजे आपले चुलत भाऊ, असं ते धरून चालत.

अमेरिकेत आल्यावर या मताला विष चढलं. १९२० च्या दशकात हेन्री फोर्डच्या ‘डिअरबॉर्न इंडिपेंडंट’ या यहूदीद्वेष्ट्या साप्ताहिकाचा संपादक होता विल्यम कॅमेरॉन, आणि तो स्वतः ब्रिटिश-इस्राएलवादी होता. अशा माणसांच्या हातून चुलत भाऊ हळूहळू तोतये ठरले. खरे इस्राएली आम्ही, मग स्वतःला यहूदी म्हणवणारे हे कोण? स्विफ्ट आणि त्याच्या पिढीने याचं जे उत्तर दिलं, ते दुसरी वीट.

बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ती, त्याच्या तिसऱ्या अध्यायात देव सर्पाला म्हणतो की तुझी संतती आणि स्त्रीची संतती यांच्यात मी वैर ठेवीन. दोन हजार वर्षं ख्रिस्ती वाचकांनी याचा अर्थ पाप आणि तारण यांच्यातला झगडा असा घेतला. आयडेंटिटीवाल्यांनी ‘संतती’ हा शब्द शब्दशः धरला. त्यांच्या मते हव्वेचं पाप फळ खाण्याचं नव्हतं. सर्पाने, म्हणजे सैतानाने, तिच्याशी संग केला, त्यातून काइन जन्मला आणि आजचे यहूदी हे त्या काइनाचे वंशज. आधाराला ते योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायातलं येशूचं बोल लावतात, ‘तुम्ही आपला बाप सैतान याचे आहात’.

तिसरी वीट काळ्या आणि इतर वर्णांच्या लोकांसाठी. उत्पत्तीच्या पहिल्या आणि दुसऱ्या अध्यायांत माणसाच्या निर्मितीची कथा दोनदा येते. या दोन कथांवरून सतराव्या शतकात इझाक ला पेरेर या फ्रेंच विद्वानाने अंदाज बांधला होता की आदामाच्या आधीही माणसं असावीत. त्याला कुणाला हीन ठरवायचं नव्हतं. आयडेंटिटीने मात्र त्या आदामपूर्व लोकांना थेट वनपशूंच्या रांगेत बसवलं. आदाम तेवढा गोरा. पुरावा काय, तर आदाम शब्दाचं मूळ तांबूस रंगाशी जोडलेलं आहे, आणि लाजल्यावर गाल लाल होतात ते गोऱ्या माणसाचेच.

यात बायबलचं एकही पान फाडलेलं नाही. कुठलाही उतारा नाकारलेला नाही. हे पुस्तक कुणाचं आहे, एवढंच बदललं. शेतीच्या वादात जुनी फेरफार नोंद काढून तिच्यावर आपल्या आज्याचं नाव चढवावं, तसं. एकदा नाव चढलं की बाकीचे कागद आपोआप आपल्या बाजूने बोलायला लागतात. वचनदत्त देश अमेरिका, कनानी लोक म्हणजे शेजारचे परके, मोशेचं नियमशास्त्र म्हणजे आंतरवंशीय लग्नावरची बंदी.

म्हणूनच त्यांच्यापुढे एक वचन टाकून वाद जिंकता येत नाही. चांगली ख्रिस्ती माणसं गलतीकरांस पत्रातलं पौलाचं वाक्य पुढे करतात : ख्रिस्तात यहूदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही, सगळे एक. आयडेंटिटीचा पाळक शांतपणे मान डोलावतो. त्याच्या लेखी ते ‘हेल्लेणी’ म्हणजे पांगलेले इस्राएलीच, म्हणजे गोरेच. वाक्य मान्य, त्यातली माणसं त्याची.

भिंत ढासळते ती दुसऱ्या बाजूने. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायाचं पहिलंच वचन घ्या. आदामाने आपली स्त्री हव्वा हिला जाणलं, ती गर्भवती झाली आणि काइन जन्मला. बाप कोण, हे इतकं स्वच्छ सांगितलेलं आहे की त्यावर पडदा टाकायला त्यांना भलतीच कसरत करावी लागते. काइनाचा वंश धरला तर मध्ये नोहाचा प्रलय आडवा येतो, कारण त्यात नोहाचं घर सोडून सगळे बुडाले. मग ते म्हणतात, प्रलय स्थानिक होता. योहानाच्या आठव्या अध्यायातलं ते ‘सैतानाचे’ हे रागातलं बोल आहे. वंशावळ म्हणूनच ते मोजायचं, तर मत्तयाच्या सोळाव्या अध्यायात येशू पेत्राला चक्क ‘सैताना’ म्हणून हाक मारतो. मग चर्चचा पहिला खांबच सैतान ठरेल. त्याच योहानात शोमरोनी बाईशी बोलताना येशू सांगतो की तारण यहूद्यांमधून आहे, आणि तिथे तो ‘आम्ही’ म्हणतो.

मिश्र लग्नांचंही तसंच. त्यांचा लाडका वीर पीनहास. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात तो एका इस्राएली पुरुषाला आणि मिद्यानी स्त्रीला एकाच भाल्याने भोसकतो. याच्या नावाने काही जण स्वतःला ‘पीनहासाचे याजक’ म्हणवून घेतात, म्हणजे मिश्र जोडप्यांना मारायचा परवाना आपल्याला देवाकडूनच आहे असं मानतात. मूळ कथेत संताप आहे तो बआल-पौर या परक्या देवाच्या मूर्तिपूजेचा. आणि ज्याच्यासमोर हे घडलं त्या मोशेचीच बायको सिप्पोरा ही मिद्यानी याजकाची मुलगी! याच पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात मोशेने कूशी, म्हणजे आफ्रिकेतल्या बाईशी लग्न केल्याबद्दल त्याची बहीण मिर्याम कुरकुरते, आणि देव तिला कोड देतो. तिची कातडी बर्फासारखी पांढरी होते. शास्त्रकाराला विनोदबुद्धी नव्हती असं कोण म्हणेल? मवाबी रूथ आणि कनानी राहाब या परक्या बायका तर मत्तयाने येशूच्याच वंशावळीत नावानिशी नोंदवल्या आहेत.

या धर्मशास्त्राची खरी किंमत कळते ती तारणाच्या प्रश्नावर. नेहमीच्या ख्रिस्ती शिकवणीत पापी कुणीही असो, पश्चात्ताप केला तर दार उघडं. इथे दार रक्तावर उघडतं. गोरा नसलेल्याला कितीही वेळा बाप्तिस्मा द्या, उपयोग शून्य. अमेरिकेतूनच १८१३ मध्ये मुंबईला मिशनरी आले, त्यांच्या मराठी मिशनने पुढे अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) ठाण मांडलं. त्या मिशनऱ्यांच्या दृष्टिकोनावर टीका करण्यासारखं पुष्कळ आहे. पण देवाने सगळी राष्ट्रं एकापासून घडवली, हे प्रेषितांच्या कृत्यांतलं वचन खरं मानल्याशिवाय ते जहाजात चढलेच नसते. बटलरच्या हिशोबात नगर जिल्ह्यातल्या त्या सगळ्या ख्रिस्ती मंडळ्या, त्यांची भजनं, त्यांचे पाळक, पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रार्थना, सगळं वायफळ. ख्रिस्ती धर्मातून तारण काढून घेतलं की जे उरतं त्याला मी तरी ख्रिस्ती धर्म म्हणणार नाही.

बंदुका कुठून आल्या, याचंही उत्तर शिकवणीतच आहे. अमेरिकेतल्या अनेक सनातनी ख्रिस्ती लोकांची समजूत अशी की शेवटच्या काळातल्या महासंकटाआधी देव आपल्या माणसांना वर उचलून घेईल. आयडेंटिटीला हे मान्य नाही. त्यांच्या मते नीतिमानांना त्या संकटातून जायचं आहे, लढायचं आहे. मग धान्य साठवणं, दारूगोळा जमवणं, तळाभोवती पहारा ठेवणं ही सगळी भक्तीची कामं होतात.

शब्द बाहेर पडतात

तळावर कायमचे राहणारे कधीच फार नव्हते. उन्हाळ्यात ‘आर्यन वर्ल्ड काँग्रेस’ भरायची तेव्हा देशभरातून क्लॅनवाले, नवनाझी, मुंडण केलेली तरुण पोरं जमायची. तुरुंगातल्या गोऱ्या कैद्यांना पत्रं आणि पत्रकं पाठवण्याचा बटलरचा उद्योग अखंड चालू असे. एकट्या पडलेल्या माणसाला ‘तू देवाच्या निवडलेल्या वंशाचा आहेस’ असं सांगणारं पत्र येतं. त्याचा परिणाम काय होत असेल, ते समजायला मानसशास्त्र शिकावं लागत नाही.

१९८३ मध्ये रॉबर्ट मॅथ्यूजने ‘द ऑर्डर’ ही गुप्त टोळी काढली. तिच्यात आर्यन नेशन्सच्या वर्तुळातले बरेच होते. मॅथ्यूज स्वतः मात्र ख्रिस्ती राहिला नव्हता, तो ख्रिस्तपूर्व उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स देवांकडे वळला होता. द्वेष पक्का असला की देव बदलला तरी चालतो, हे इथे दिसतं. १८ जून १९८४ ला या टोळीने डेन्व्हरमध्ये ॲलन बर्ग या यहूदी रेडिओ निवेदकाचा त्याच्या घरासमोर खून केला. बर्ग आपल्या कार्यक्रमात आयडेंटिटीच्या लोकांना फोनवर घेऊन त्यांची खिल्ली उडवत असे. पुढच्याच महिन्यात कॅलिफोर्नियात युकायाजवळ चिलखती गाडी लुटून टोळीने सुमारे ३६ लाख डॉलर नेले. डिसेंबरमध्ये पोलिसांच्या वेढ्यात मॅथ्यूज जळून मेला. १९८८ मध्ये आर्कान्सामधल्या फोर्ट स्मिथ इथे बटलर आणि इतरांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरीने, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेल्या पंचांनी, सगळ्यांना निर्दोष सोडलं. नुसती शिकवण कोर्टात सिद्ध करता येत नाही, हे सरकारला तेव्हा कळलं.

गावाने काय केलं

हेडन लेकच्या शेजारचं मोठं गाव कोर डलेन. इथल्या लोकांना वाटत होतं की बटलरकडे दुर्लक्ष केलं की तो आपोआप विझेल. १९८० च्या अखेरीस एका यहूदी माणसाच्या उपाहारगृहावर स्वस्तिकं रंगवली गेली आणि पुढच्या वर्षी काही नागरिकांनी मिळून कूटनी परगण्याची मानवी संबंध समिती काढली. वकील, शिक्षक, धर्मगुरू, गृहिणी अशी साधी मंडळी. त्यांच्या रेट्याने १९८३ मध्ये आयडाहो विधिमंडळाने वंश किंवा धर्मावरून छळ करणं हा गंभीर गुन्हा ठरवला.

समितीचा अध्यक्ष होता फादर बिल वासमथ, गावातल्या कॅथलिक चर्चचा धर्मगुरू. सप्टेंबर १९८६ मध्ये त्याच्या घराच्या मागच्या दाराशी बॉम्ब फुटला. फादर घरातच होता, वाचला. त्याने बोलणं थांबवलं नाही, गावही घाबरून मागे सरलं नाही, आणि धर्मगुरूंनी आपापल्या वेदीवरून स्पष्ट सांगायला सुरुवात केली की टेकडीवरचं ते चर्च आमचं नाही. हे उशिरा झालं असं माझं मत आहे. बटलर दहा-बारा वर्षं ‘रेव्हरंड’ म्हणून मिरवत होता तेव्हा, धर्माच्या नावाने चाललेल्या या प्रकाराला धर्माच्या भाषेत नाकारायचं काम शेजारच्या मंडळ्यांचंच होतं, आणि ते त्यांनी बॉम्बची वाट न पाहता करायला हवं होतं.

समितीची एक युक्ती मला फार आवडते. १९९८ च्या उन्हाळ्यात बटलरने कोर डलेनच्या मुख्य रस्त्यावरून मोर्चा काढायची परवानगी मिळवली. अभिव्यक्तिस्वातंत्र्य असल्याने ती नाकारता येईना. मग समितीने लोकांना आवाहन केलं की मोर्चा चालेल त्या दर मिनिटामागे काही पैसे मानवी हक्कांच्या कामासाठी द्या. म्हणजे बटलर जितका वेळ झेंडे नाचवणार, तितकी विरोधकांची पेटी भरणार.

कोर्ट

त्या आई-मुलाच्या वतीने सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेचे वकील मॉरिस डीझ आणि स्थानिक वकील नॉर्म गिसेल यांनी दिवाणी दावा लावला. दाव्याची आखणी पाहण्यासारखी आहे. त्यांनी काइन, सर्प, दहा वंश यांतलं काही सिद्ध करायच्या भानगडीत पडायचं टाळलं. विचारलं एवढंच : हिंसक लोकांना हत्यारं देऊन पहाऱ्यावर ठेवताना मालकाने काळजी घेतली होती का? घरमालकाचा कुत्रा चावला तर जी जबाबदारी येते, साधारण त्याच जातीचा हा प्रश्न. विश्वास काहीही असो, नेमणूक आणि देखरेख यांचा हिशोब द्यावाच लागतो.

७ सप्टेंबर २००० ला ज्यूरीने निकाल दिला : ६३ लाख डॉलर भरपाई. ही ज्यूरी त्याच परगण्यातली होती, ज्या गोऱ्या लोकांच्या नावाने बटलर राष्ट्र काढणार होता त्यांच्यातलीच. त्याचं दिवाळं वाजलं. पुढच्या वर्षी लिलावात तळ आणि संघटनेचं नावसुद्धा त्या मायलेकांनीच घेतलं. त्यांच्याकडून ग्रेग कार या उद्योजकाने जमीन विकत घेतली, इमारती पाडल्या, काही अग्निशमन दलाने सरावासाठी जाळल्या, आणि जागा नॉर्थ आयडाहो कॉलेजला दान झाली.

बटलर हेडनमध्येच एका साध्या घरात राहिला. २००३ मध्ये त्याने महापौरपदाची निवडणूक लढवली आणि सपाटून मार खाल्ला. ८ सप्टेंबर २००४ ला तो वारला. त्याच्या मागे गादीसाठी भांडणं लागली आणि आर्यन नेशन्सचे तुकडे झाले.

निकालाने बंदुका आणि जमीन काढून घेतली. शिकवणीला त्याने हात लावला नाही, कोर्टाला तो लावताही आला नसता. स्विफ्टच्या जुन्या ध्वनिफिती आता टपालाऐवजी इंटरनेटवर फिरतात. नव्या पिढीतले बरेच वंशद्वेष्टे बायबलही सोडून मोकळे झाले आहेत. कुणी नॉर्स देवांकडे, कुणी तथाकथित जनुकशास्त्राकडे गेले. जे बायबल धरून आहेत त्यांच्याशी वाद घालायला कोर डलेनच्या पाळकांना अजून उत्पत्तीचा चौथा अध्याय आणि मोशेची मिद्यानी बायको यांपासूनच सुरुवात करावी लागते.